हात धुतल्यावर पाया पडू नये

नंदुरबार, आश्विन वद्य नवमी, शके १८५६

तीर्थस्वरूप भाईदासमामा यांचे चरणी,

चुडामणचा दोन्ही हातांनी पाय धरून केलेला पूर्ण नमस्कार. (पूर्ण असे मुद्दाम लिहिले, कारण अलीकडे माझे नमस्कार अर्धेच होतात. त्याचा खुलासा पुढे येईल.) आपला उजवा गुडघा आता कसा आहे? जिना चढताना अजून वाजतो का? शहाद्यास कापसाची वेचणी सुरू झाली असेल आणि कौसामामींना मजुरांच्या भाकऱ्यांपुढे श्वास घ्यायला उसंत नसेल. त्यांना माझा नमस्कार सांगावा आणि त्यांनी पाठवलेले शेवेचे लाडू इस्पितळात पोचले, पण माझ्यापर्यंत चारच पोचले, हेही सांगावे. आपल्या घोडीने या वर्षी कोणाला पाडले ते कळवावे.

मामा, हे पत्र केवळ आभाराचे आहे. मागणे काही नाही. ज्येष्ठात आपण मला दंडाला धरून डॉक्टर देवस्थळींच्या पुढे उभे केले, तेव्हा मी आपल्यावर इतका रागावलो होतो की आपण परत जाताना मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. आपण मोठ्या लढाईत मेसोपोटेमियात सरकारी खेचरे सांभाळत होतात आणि डॉक्टर सरकारी माणसे सांभाळत होते, त्या ओळखीवर आपण त्यांना म्हणालात, या पोराचे हात रिकामे ठेवू नका. डॉक्टर म्हणाले, आमच्याकडे पहिले सहा महिने हात रिकामे ठेवायलाच शिकवतात. मला वाटले, थट्टा करतात. ती थट्टा नव्हती, अभ्यासक्रम होता.

माझ्या हातून जे घडले ते आपल्याला ठाऊक आहेच, पण माझ्या बाजूने ते आजवर कोणी पुरते ऐकून घेतलेले नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. सारंगखेड्याच्या जत्रेत आपण ही घोडी पाहत होतात आणि मला तिचे दात मोजायला सांगितले होते. मी दात मोजले नाहीत. समोर बांगड्यांच्या दुकानाशी नवल पाटलांची धाकटी मुलगी धनु उभी होती. (घोडी आपण समजता त्यापेक्षा दोन वर्षांनी म्हातारी निघाली, त्याचे खरे कारण हे.) तिथून मी पुण्यास गेलो, पण कॉलेजात नुसते माझे शरीर बसत होते. वैशाखात केमिस्ट्रीचे प्रॅक्टिकल चालू असताना मित्राचे कार्ड आले की नवल पाटलांकडे लग्नाचा मांडव पडला. मी हातातली काचनळी प्रोफेसरांच्या हातात दिली, त्यांनी "कुठे चाललास?" विचारले त्यास मी जे उत्तर दिले ते पत्रात लिहिण्यासारखे नाही, आणि दोन गाड्या बदलून थेट मांडवात शिरलो. मंगलाष्टके संपत आली होती. मी गर्दीतून पुढे होऊन ओरडलो, "थांबा!" सगळे थांबले. भटजीही थांबले. नवरीने मान वर केली, तर ती धनु नव्हती, तिची थोरली बहीण शोभाबाई होती.

अशा वेळी माणसाला काही सुचत नाही, पण मला सुचले, हे माझे दुर्दैव. मी म्हणालो, "माझ्या हातात अक्षता आल्या नाहीत." नवल पाटलांनी स्वतः येऊन माझ्या हातात अक्षता दिल्या. मूठभर दिल्या आणि मूठ बराच वेळ दाबून धरली. माझी बोटे नंतर आठ दिवस सुजलेली होती. पुढचे आपण जाणता: आबांनी पोटच्या पोराला घरात घेतले नाही, कॉलेजने परत घेतले नाही, आणि आपण दंड धरलात.

आता इथल्या शिक्षणाविषयी लिहितो. ऑपरेशनच्या खोलीत डॉक्टरांच्या शेजारी उभे राहून हत्यारे देणारा, ती उकळणारा, सुईत रेशीम ओवणारा आणि सगळे मोजून परत ठेवणारा माणूस लागतो. तो मी व्हायचा आहे. दीड वर्षाने डॉक्टर स्वतः परीक्षा घेऊन लेखी दाखला देणार आहेत. शिकवणारे मात्र डॉक्टर नव्हेत. शिकवतात त्या रमिलाबाई. या धडगावकडच्या डोंगरातल्या, पंधरा वर्षे याच खोलीत उभ्या आहेत, अक्षर एक वाचता येत नाही. मी पहिल्या दिवशी इंटर सायन्सच्या ऐटीत वही काढून त्रेसष्ट हत्यारांची इंग्रजी नावे लिहून घेतली. रमिलाबाईंकडे तीच हत्यारे चिमणी, खेकडा, बगळा आणि म्हातारीचा जबडा या नावांनी ओळखली जातात. डॉक्टरांनी हात पुढे केला की मी वहीत नाव शोधायला लागायचो आणि तोवर त्यांच्या तळहातावर चिमणी येऊन बसलेली असायची. तिसऱ्या दिवशी मी वही स्टोव्ह पेटवायला दिली. आता डॉक्टर काहीही मागोत, माझ्या डोक्यात पक्षी उडतो आणि हात बरोबर जातो.

पण खरे शिक्षण म्हणजे हात धुणे. मामा, आपण समजता तसे हे हात धुणे नव्हे. साबण, ब्रश, वाहते पाणी, नखे, कोपर, पुन्हा नखे, मग जंतू मारणारे कार्बॉलिकचे पाणी. दहा मिनिटे. आणि मग ते हात छातीपुढे वर धरून उभे राहायचे, जसे पोलिसाने बंदूक रोखली आहे. त्या हातांनी कशालाही शिवायचे नाही. नाक खाजले तर खाजू द्यायचे. माशी बसली तर बसू द्यायची. पहिल्या दिवशी मी टोपी सारखी केली. रमिलाबाई म्हणाल्या, "धू." पुन्हा दहा मिनिटे. मग मी दार ढकलले. "धू." मग मी रागाने विचारले की दार कशाने ढकलायचे, आणि विचारताना हात कमरेवर ठेवले. "धू." त्या दिवशी मी नऊ वेळा हात धुतले आणि ऑपरेशन माझ्याविना संपले. पहिल्यांदा प्रत्यक्ष पोट उघडलेले पाहिले तेव्हा मी घेरी येऊन आडवा झालो, पण पडतानाही हात वर होते. मुलगा शिकेल, असे रमिलाबाई त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाल्या, असे मला शुद्धीवर आल्यावर भटू कंपाउंडरांनी सांगितले. (हे भटूभाऊ रोग्याच्या नाकावर क्लोरोफॉर्म थेंबथेंब सोडतात. स्वभाव शांत. रोगी नसला तरी यांच्याशी बोलताना झोप येते.)

या हात धुण्याचा एक फायदा कोणी सांगितला नव्हता. माझा संताप आपण जाणता. तो आधी हातात येतो, डोक्यात नंतर जातो. श्रावणात एका रोग्याचा भाऊ बूट घालून सरळ ऑपरेशनच्या खोलीत शिरला. पूर्वीचा चुडामण असता तर त्याला बुटासकट बाहेर टाकला असता. पण हात धुतलेले! मारले तर पुन्हा दहा मिनिटे. मी हात वर धरून नुसता थरथरत उभा राहिलो. त्या माणसाला वाटले मी आशीर्वाद देतो आहे. त्याने बूट काढले आणि मला वाकून नमस्कार केला. तेव्हापासून राग आला की मी नळावर जातो. इस्पितळात माझ्याइतके स्वच्छ हात कोणाचे नाहीत.

आता दसऱ्याचे लिहितो, आणि हे वाचताना आपण बसलेले असावे.

आपल्या घरी दसऱ्याला नांगर, कुऱ्हाड, विळे, आपली ती जुनी तलवार, सगळे घासून पाटावर मांडतात आणि हळदीकुंकू वाहतात. इथे आल्यापासून माझ्या मनात एकच विचार होता: ज्या हत्यारांनी माणसे जगतात त्यांना वर्षातून एक फूल मिळू नये? डॉक्टर सकाळी घरी होते, रमिलाबाई नदीवर गेल्या होत्या. मी सगळी हत्यारे उकळलेल्या थाळ्यांतून काढली, पांढऱ्या फडक्यावर मांडली, प्रत्येकाला हळद लावली, कुंकू लावले, अक्षता टाकल्या, झेंडूची फुले वाहिली, आणि गूळखोबऱ्याचा नैवेद्य दाखवला. चिमणीच्या चोचीत मी कौतुकाने थोडा गूळ धरून ठेवला. हात जोडले. डोळे भरून आले. आणि दारात बैलगाडी आली.

गाडीत नवल पाटील होते.

अंतर्गळ दहा वर्षांचा, वर चामडी पट्टा बांधून दाबून ठेवलेला. दसऱ्याच्या आदल्या दुपारी भुईमुगाचे पोते उचलले आणि आतडे बाहेर येऊन अडकले ते परत जाईना. तापीकाठापासून रात्रभर गाडी हाकून आणले होते. पाटलांचा गडी भिला बैलांपुढे उभा होता, पाटलीणबाई पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या, आणि त्यांच्या शेजारी धनु. डॉक्टर धावत आले, पोट पाहिले आणि म्हणाले, आत्ताच. मग ते हत्यारांकडे वळले.

मामा, मी आजवर पुष्कळ शिव्या खाल्ल्या आहेत, पण त्या क्षणी आणखी एक मिळाली असती तर बरे वाटले असते. त्यांनी एक झेंडूचे फूल उचलले, खाली ठेवले. चिमणी उचलली, चोच उघडून पाहिली. "गूळ?" असे विचारले. मी होय म्हणालो. मग ते म्हणाले, "सगळे धुवा आणि वीस मिनिटे उकळा. माझ्याकडे पाहू नका, घड्याळाकडे पाहा. त्यांचे आतडे थांबणार नाही." आतडे अडकले म्हणजे त्याचे रक्त बंद होते, आणि काळे पडले की माणूस गेला, हे मला रमिलाबाईंनीच शिकवले होते. वीस मिनिटे! ज्या माणसाची थोरली मुलगी मी मांडवात थांबवली, त्यालाच मी मृत्यूच्या दारात वीस मिनिटे थांबवून ठेवले होते. मी स्टोव्हला पंप मारत सुटलो. रमिलाबाई नदीवरून आल्या, एकदा थाळीतल्या कुंकवाकडे पाहिले, दुसरा स्टोव्ह पेटवला आणि मला म्हणाल्या, "धू."

हात धुऊन, वर धरून, मी ओसरीतून खोलीकडे निघालो. वाटेत धनु उभी होती. तिने मान खाली घालूनच हळू विचारले, "आज बी थांबा म्हनतस का?" मी हात वर धरून तसाच आत शिरलो. (त्यात टोमणाही होता आणि डोळ्यांत पाणीही होते. या दोन्हींना एकदम काय उत्तर द्यायचे ते इंटरला शिकवत नाहीत.)

आत पाटील टेबलावर होते आणि क्लोरोफॉर्म अजून सुरू झाला नव्हता. मला पाहताच कळ विसरून ते अर्धे उठले. "हाऊ तो! मांडवमा वरडनारा! याले बाहेर काढा, नहीं ते मी उठस!" डॉक्टर म्हणाले, उठू नका. पाटील म्हणाले, "अरे पन हाऊ आठे काय करी ऱ्हायना?" आणि मामा, दसऱ्याचा दिवस, समोर वडील माणूस, तोही संकटात, माझ्या अंगात जे लहानपणापासून भिनलेले तेच झाले. मी पुढे वाकलो आणि धुतलेल्या दोन्ही हातांनी पाटलांचे पाय धरले. पाटलांच्याही अंगात तेच भिनलेले. पायाला हात लागताच त्यांच्या तोंडून निघून गेले, "सुखी ऱ्हाय!" मग आपण हे कोणाला म्हणालो ते लक्षात येऊन ते ओरडले, "पन दूर ऱ्हाय!" भटूभाऊंनी तेवढ्यात नाकावर फडके ठेवले.

कोपऱ्यातून आवाज आला, "धू."

हत्यारांची अजून अकरा मिनिटे बाकी होती म्हणून बरे. मी पुन्हा धुतले. तोवर मी इतक्या देवांना इतके नवस बोललो की ते फेडायला मला शंभर वर्षे जगावे लागेल. मग ऑपरेशन सुरू झाले. आतडे जांभळे होते. डॉक्टरांनी अडकलेला फास मोकळा केला, गरम पाण्यात भिजवलेली गॉजची, म्हणजे विरळ जाळीच्या कापडाची, घडी त्यावर ठेवली आणि आम्ही सगळे त्या जांभळ्या रंगाकडे पाहत उभे राहिलो. मामा, रंग बदलताना मी पाहिला. आधी कडेने, मग हळूहळू मधे, जांभळे आतडे गुलाबी होत गेले. डॉक्टर फक्त "हं" म्हणाले. मला मोठ्याने रडावेसे वाटले, पण डोळे पुसता येत नाहीत, म्हणून रडलो नाही.

आता शिवायचे. इथली रीत अशी की आधी गॉजच्या जितक्या घड्या, तितके ज्वारीचे दाणे रमिलाबाई वाटीत ठेवतात. वापरलेली घडी परत आली की एक दाणा बाहेर. वाटी रिकामी झाल्याशिवाय पोट शिवायचे नाही. डॉक्टरांनी सुई मागितली. मी वाटीकडे पाहिले. एक दाणा होता. रमिलाबाई माझ्याकडे पाहत होत्या आणि बोलत नव्हत्या, कारण बोलण्याचे काम हत्यारे देणाऱ्याचे असते. डॉक्टर म्हणाले, "सुई." सकाळपासून मी दोन अपराध केले होते, तिसऱ्याची हिंमत नव्हती. घडी पोटात राहिली असती तर पाटील आज घरी जाऊन आठवड्याने मेले असते आणि कोणाला कळलेही नसते. मी ओरडलो, "थांबा!"

असा ओरडलो की ओसरीवर पाटलीणबाईंनी हंबरडा फोडला. डॉक्टर थांबले. शोधले. आतड्याच्या मागे रक्ताने भिजून चिकटलेली घडी निघाली. दाणा बाहेर पडला. पोट शिवले.

पाटील तेरा दिवस इथे होते. पाचव्या दिवशी मी त्यांच्यापुढे उभा राहून सगळे सांगितले: पूजा, गूळ, वीस मिनिटे. दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावे म्हणून सांगितले आणि तडाखा खायची तयारी ठेवली. (हात धुऊन गेलो होतो.) पाटलांनी पोटावरची पट्टी चाचपली. मग म्हणाले, "म्हंजे मन्हा पोटमा गये ते पूजा करेल हत्यार?" मी म्हणालो, पूजा करून मग उकळलेले. ते म्हणाले, "पूजा तू करी, उकाळं डॉक्टरनी. दोन्ही मिळीसन मी वाचनू. मंग तू काब्र रडस?" तेव्हापासून भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत, बिनपूजेच्या हत्याराने कापून घेऊ नका. डॉक्टर हे ऐकले की खिडकीबाहेर पाहत. त्यांनी मला काढून टाकले नाही. फक्त लेखी नियम केला की यापुढे पूजा कपाटाच्या बंद दाराची, बाहेरून, कोरड्या फुलांनी करावी.

म्हणून मामा, आभार. डॉक्टरांचे, त्यांनी मला ठेवले म्हणून. रमिलाबाईंचे, त्यांनी एका शब्दात मला माणसात आणले म्हणून. आणि सर्वांत जास्त आपले, कारण त्या दिवशी आपण दंड धरला नसता तर मी आज कुठल्या मांडवात ओरडत असतो कोण जाणे. आता मी पूर्ण शांत झालो आहे. घाई नाही, संताप नाही, मागणे नाही.

आपला आज्ञाधारक भाचा,
चुडामण

ता. क. मागणे नाही असे वर लिहिले, ते माझ्यापुरते. धनुसाठी आपण नवल पाटलांकडे एकदा जाऊन यावे. पाटील आता मला दूर राहायला सांगत नाहीत, जवळ ये असेही म्हणत नाहीत. जाता जाता त्यांनी नुसते विचारले, तुझा मामा कोण रे? मी सांगितले. "तो घोडीवाला?" म्हणाले आणि हसले. कशास हसले ते कळले नाही. घोडीवर बसून जाऊ नये.

ता. क. दुसरा. हे पत्र मी रमिलाबाईंना वाचून दाखवले. घडी सापडली तिथे आल्यावर त्या म्हणाल्या, "खोटं काब्र लिखस?" तेव्हा खरे लिहितो. डॉक्टरांनी पोटात दोनदा हात फिरवला, घडी नव्हती. मग रमिलाबाईंनी माझा डावा पाय उचलला. घडी पायाखाली होती. मी मान खाली घातली. पण डॉक्टर म्हणाले, "मोजणी बरोबर होती. उद्या ती पायाखाली नसेल. उद्याही असाच ओरड." आणि बाहेर आल्यावर धनु म्हणाली, "आज बरोबर वरडनात." ही दोन्ही वाक्ये शब्दशः खरी आहेत, रमिलाबाई साक्षीला आहेत.

ता. क. तिसरा. घात झाला. पाटलांची गादी न्यायला भिला गाडी घेऊन आत्ता आला होता. घाईत आहे म्हणाला, तुळशीचे लग्न झाले की पाटलांकडे मांडव पडणार, कामे फार. कोणाचा मांडव ते विचारायच्या आत मी टोपी शोधू लागलो आणि तो फाटकाकडे गेला. चारची गाडी गाठायला मी निघतच होतो, पण रमिलाबाईंनी नळाकडे बोट दाखवले. धुतले. मामा, आता मी न मोजता ओरडणार नाही. नवरी कोण आहे ते आधी आपण जाऊन पाहावे आणि उलट टपाली कळवावे. तोवर मी हात वर धरून उभा आहे. हा ता. क. म्हणूनच मी सांगतो आहे आणि भटूभाऊ लिहीत आहेत.

रा. रा. भाईदासभाऊ यांस भटू कंपाउंडर यांचा नमस्कार वि. वि. वरील मजकूर त्यांनी सांगितल्याप्रमाणे लिहिला. खालचा माझा. भिलास मी फाटकाशी गाठून विचारले. मांडव धनुबाईंचाच. नवरा पाहून ठेवलेला आहे, हात वर धरून उभा राहतो तो. परंतु वैशाखातल्या प्रकारानंतर पाटील आपण होऊन शब्द टाकणार नाहीत. मुलाच्या मामाने यावे, अशी वाट पाहत आहेत. तरी लवकर निघावे. हे चुडामणरावांस मुद्दाम सांगितलेले नाही. आज तीन ऑपरेशने आहेत, आणि आनंदाच्या भरात ते कोणाच्या पाया पडतील याचा नेम नाही.